चुलीवांचून मद्यार्क

मुंबईहून पुण्याकडे निघालेली आगगाडी वांगणी मागें टाकून नेरळजवळ येऊं लागली, म्हणजे उजव्या हाताला माथेरानचा डोंगर आणि डाव्या हाताला दूरवर सह्याद्रीची रांग, अशा दोहोंच्या मध्यें पसरलेलीं भाताचीं खाचरें दिसूं लागतात. उल्हास नदीच्या या खोऱ्यांतून कर्जतला यावें, तेथून पळसदरीवरून खोपोलीस उतरावें आणि पाताळगंगेच्या कांठानें खालापूरकडे जावें. भाताचा सहवास कांहीं सुटत नाहीं. येथल्या माणसाच्या पोटांत तांदूळ नाना रूपांनीं जातो. तो भात होऊन जातो, पेज होऊन जातो, भाकरी, घावन, पोहे आणि पापड होऊनहि जातो. यांतील बहुतेक सर्व रूपांत एक गोष्ट समान आहे. तांदूळ केव्हां ना केव्हां तरी विस्तवाजवळ येतो.

आज मला ज्या विषयाविषयीं आपल्याशीं बोलावयाचें आहे, त्यांत मात्र तांदूळ विस्तवाजवळ येत नाहीं, निदान आरंभीं तरी येत नाहीं. धान्य न शिजवितां, कच्चेंच आंबवून त्यापासून मद्यार्क कसा तयार करतात, आणि त्यांत लाभ कोणता व हानि कोणती, हा तो विषय होय.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करून ठेवतों. घरीं दारू कशी गाळावी हें सांगण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणें आपल्या राज्यांत परवान्यावांचून दारू गाळणें हा गुन्हा आहे. येथें मद्यार्क म्हटला म्हणजे पेट्रोलांत मिसळला जाणारा, रुग्णालयांत व प्रयोगशाळेंत वापरला जाणारा आणि अनेक रासायनिक धंद्यांचा कच्चा माल असणारा पदार्थ, असें समजावें.

कच्चें धान्य आंबतें हें आपल्या गृहिणींना नव्यानें सांगावयास नको. आंबोळीसाठीं तांदूळ आणि उडीद भिजत घालून वाटतात व तें पीठ रात्रभर झांकून ठेवतात. सकाळीं तें फुगून वर आलेलें असतें, त्याला आंबूस वास येतो आणि पळी घातली तर आंत जाळी पडलेली दिसते. हें सारें चुलीवांचून घडलें. मग याच पिठापासून मद्यार्क कां बरें मिळत नाहीं? याचें उत्तर असें कीं, त्या एका रात्रींत सूक्ष्म जंतूंनीं जें खाल्लें, तें धान्यांतील अगदी थोड्या मोकळ्या साखरेचें होतें. त्यांनीं तिच्यापासून मुख्यतः आम्ल आणि वायु तयार केला. तांदुळाचा जो खरा सांठा, म्हणजे त्यांतील पिष्ट, ज्याला इंग्रजी नांवानें आपण स्टार्च म्हणतों, तो जवळजवळ जसाच्या तसा राहिला. तो राहिला म्हणूनच तव्यावर आंबोळी होऊं शकली. सगळेंच पिष्ट आंबून गेलें असतें, तर तव्यावर घालण्यास पाण्यावांचून फारसें कांहीं उरलेंच नसतें.

साखर आणि पिष्ट यांतील हा भेद नीट ध्यानांत यावा म्हणून कर्जत-खालापूरच्याच डोंगरांतील दुसरें उदाहरण घेऊं. येथील ठाकूर आणि कातकरी लोकांना मोहाचें झाड फार जिव्हाळ्याचें. मोहाच्या सुकलेल्या फुलाच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरेचाच असतो. फुलें पाण्यांत भिजत टाकलीं कीं ती साखर पाण्यांत उतरते, आणि हवेंतून व फुलांवरून आलेलें किण्व, म्हणजे यीस्ट, तिच्यावर तुटून पडतें. तेथें शिजविण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं. अशा फुलांपासून मद्य होणें इतकें सोपें होतें कीं, अबकारी उत्पन्नाची काळजी वाहणाऱ्या मुंबई सरकारनें १८९२ सालीं ठाणें आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठीं केवळ मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा एक स्वतंत्र कायदाच केला. कुलाबा म्हणजे १९८१ पासूनचा आपला रायगड जिल्हा. भातावर मात्र असा कायदा करण्याची गरज कुणास भासली नाहीं. भातांत साखर नसते, पिष्ट असतें. आणि पिष्टाला कुलूप असतें.

हें कुलूप कसलें? पिष्टाचा रेणु म्हणजे द्राक्षशर्करेच्या शेंकडों-हजारों रेणूंची एकमेकांत गुंफलेली सांखळी. यांपैकीं कांहीं सांखळ्या सरळ असतात, तर कांहींना झाडासारख्या फांद्या फुटलेल्या असतात. या सांखळ्या वनस्पति घट्ट वळून, थरावर थर रचून, लहान लहान कणांत भरून ठेवते. तांदुळांतील असा एक कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या ३ ते ८ पट इतकाच असतो. आपल्या नेहमींच्या धान्यांत इतका बारीक कण क्वचितच आढळतो. चमचाभर तांदुळाची पिठी थंड पाण्यांत ढवळली तर पाणी पांढरें होतें, परंतु थोड्या वेळानें पिठी तळाशीं बसते. कण पाण्यांत बुडाले खरे, पण पाणी त्यांच्या अंतरंगांत शिरलें नाहीं. तेंच भांडें आंचेवर ठेवून ढवळीत राहिलें, तर एका विशिष्ट उष्णतेला पोंचतांच तें एकाएकीं दाट होतें. कण पाणी पिऊन फुगले, त्यांची आंतली घडी विसकटली आणि सांखळ्या मोकळ्या झाल्या. तांदुळाच्या जातीप्रमाणें ही क्रिया साधारणपणें ५५ ते ७९ अंश सेंटिग्रेडच्या दरम्यान घडते. आपण जिला पेज म्हणतों ती म्हणजे अशा उघडलेल्या कणांचा समुदाय.

कण उघडला तरीहि किण्वाचें काम होत नाहीं, कारण नेहमींच्या किण्वाला सांखळी खातां येत नाहीं, तिचे सुटे मणी तेवढे खातां येतात. सांखळी तोडण्याचें काम विकर नांवाचीं द्रव्यें करतात. आपल्या लाळेंत असें एक विकर आहे. म्हणूनच भाताचा घास पुष्कळ वेळ चावला तर गोड लागूं लागतो. मोड आलेल्या धान्यांत तें असतें. यवाला मोड आणून बिअर करण्याची युरोपची चाल यावरच उभारलेली आहे. कांहीं बुरशींतहि तें असतें. जपानी लोक वाफविलेल्या तांदुळावर बुरशी वाढवून त्याच्या साह्यानें आपलें तांदुळाचें मद्य तयार करतात. पायां आणि पेर्सोज या दोघां फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं १८३३ सालीं मोड आलेल्या यवांतून असें द्रव्य वेगळें काढलें. पुढें जोकिची ताकामिने या जपानी रसायनज्ञानें बुरशीपासून असेंच द्रव्य तयार करण्याची कृति शोधून १८९४ सालीं अमेरिकेंत तिचें पेटंट मिळविलें. कुलूप आणि किल्ली या दोहोंचा परिचय याप्रमाणें मनुष्याला झाला. परंतु कुलूप आधीं तापवावें लागतें, ही समजूत मात्र कायम राहिली.

आजहि धान्यापासून मद्यार्क करणारे बहुतेक कारखाने याच समजुतीप्रमाणें चालतात. धान्य दळून पाण्यांत कालवितात. तें मिश्रण वाफेच्या झोतानें १०० अंशांच्याहि वर तापवितात. मग ८५ ते ९० अंशांवर, उष्णता सोसणाऱ्या एका विकरानें त्या लापशीला पातळ करतात. त्यानंतर सर्व मिश्रण ३२ अंशांच्या आसपास थंड करून त्यांत दुसरें विकर आणि किण्व घालतात, आणि दोन-अडीच दिवसांत तें आंबून तयार होतें. शेवटीं ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढतात. यांतील विसंगति आपल्या लक्षांत आलीच असेल. इंधन जाळून जें तापविलें, तें पाणी खर्चून पुनः निवविलें! संसारांत कुणी असें केलें, तर घरांतील वडील मंडळी दोन शब्द ऐकविल्यावांचून राहणार नाहींत.

शास्त्रज्ञांनींहि स्वतःला तेंच विचारलें. अमेरिकेंतील बॉल्स आणि श्विमर या दोघांनीं १९४४ सालीं असें दाखवून दिलें कीं, प्राण्याच्या स्वादुपिंडांतील विकर आणि बुरशीपासून मिळविलेलें विकर हीं एकत्र वापरलीं, तर न शिजविलेल्या पिष्टाचेंहि पचन होतें. त्यानंतरच्या कांहीं दशकांत जपानांतील उएदा प्रभृति संशोधकांनीं काळ्या बुरशींच्या विकरांचा कसून अभ्यास केला, आणि १९८२ सालीं, धान्य न शिजवितां मद्यार्क करण्याच्या औद्योगिक पद्धतीचा वृत्तांत जपानांत प्रसिद्ध झाला. अमेरिकेंत २००४ पासून मक्यावर ही पद्धति मोठ्या प्रमाणावर चालविली जात आहे. ज्या गोष्टीला चूल अपरिहार्य वाटत होती, ती चुलीवांचून होऊं शकते, हें आतां निर्विवाद झालें आहे.

तें कसें होतें, हें पाहण्यासारखें आहे. या कामासाठीं निवडलेल्या विकराच्या रेणूला दोन अंगें असतात. एक अंग सांखळी तोडतें. दुसरें अंग कणाच्या पृष्ठभागाला घट्ट चिकटून राहतें. कण बंद असला तरी विकर त्याला धरून बसतें, त्याला बारीक भोंकें पाडतें, आणि भुंगा लांकूड कोरीत जातो तसें आंत कोरीत जातें. उकळत्या पाण्यानें जें कांहीं मिनिटांत होतें, तें येथें तासांमागून तास चालतें. दळलेलें धान्य ३० ते ३५ अंशांच्या पाण्यांत असतें आणि त्याच भांड्यांत त्याच वेळीं किण्वहि असतें. साखरेचा एकेक रेणु सुटा होतो आणि किण्व तो लगेच उचलतें. यामुळें भांड्यांत साखर सांचत नाहीं व अति गोड पाण्यांत किण्वाला जो त्रास होतो तो टळतो. मिश्रणाची लापशी होत नसल्यानें तें पातळ राहतें. म्हणून तितक्याच भांड्यांत धान्य थोडें अधिक घालतां येतें. शेवटीं राहणारा चोथाहि जास्त न तापल्यामुळें त्यांतील प्रथिनें चांगल्या स्थितींत राहतात, आणि गुरांना व कोंबड्यांना तें उत्तम खाद्य होतें.

परंतु, श्रोतेहो, फुकट कांहींच मिळत नाहीं. चुलीची उष्णता दोन कामें करीत होती. तिनें कण उघडले, आणि त्याबरोबर धान्यावरच्या जंतूंचा नाशहि केला. चूल काढली कीं हें दुसरें काम कुणी करावयाचें? कोंकणांतल्या श्रावणाच्या दमट हवेंत आंबोळीचें पीठ एक रात्र अधिक राहिलें तर काय होतें, हें आपण जाणतांच. कारखान्याच्या लाखों लिटरच्या टांकींत तसें झालें, तर मद्यार्काच्या ऐवजीं आम्ल पदरीं पडावयाचें. म्हणून मिश्रण आरंभापासूनच आंबट ठेवावें लागतें, भांडीं आणि नळ कटाक्षानें स्वच्छ ठेवावे लागतात, आणि किण्व भरपूर घालून त्याला पहिल्याच तासांत वरचढ करावें लागतें. धान्य अधिक बारीक दळावें लागतें, विकर अधिक व निराळ्या प्रकारचें लागतें, आणि दोन-अडीच दिवसांच्या जागीं तीन ते चार दिवस वाट पाहावी लागते. थोडक्यांत सांगावयाचें तर अग्नीची जागा काळ, कौशल्य आणि स्वच्छता यांनीं घेतली.

शिवाय सगळेंच पिष्ट सारखें नसतें. बटाट्याचा कण मोठा असतो, परंतु कच्चा असतां विकराला तो फार दाद देत नाहीं. तृणधान्याचा कण त्या मानानें नमतो. तांदुळांतहि जातीजातींत भेद आहे. येथें पुनः कर्जतचें नांव निघतें. कर्जत येथील भात संशोधन केंद्र १९१९ पासूनचें असून आज तें दापोलीच्या डॉक्टर बाळासाहेब सावंत कोंकण कृषि विद्यापीठाचा भाग आहे. कर्जत या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या भाताच्या अनेक जाती आणि १९९८ सालची सह्याद्री ही संकरित जात याच केंद्राची देणगी होय. तांदुळाची नवी जात निवडतांना केवळ उत्पन्न पाहून भागत नाहीं. तिचा भात मोकळा होतो कीं चिकट, हेंहि पाहावें लागतें. सरळ सांखळ्यांचें प्रमाण अधिक असेल तर भात मोकळा व कडक होतो, कमी असेल तर मऊ व चिकट होतो. कण कोणत्या उष्णतेस उघडेल हें समजण्यासाठीं तर भातशास्त्रज्ञ एक मोठी सुंदर परीक्षा घेतात. तांदुळाचे कांहीं दाणे १·७ टक्के दाहक पोटॅशच्या पाण्यांत ३० अंशांवर २३ तास ठेवतात. कांहीं दाणे जसेच्या तसे राहतात, कांहींना कडेनें झालर सुटते, तर कांहीं विरघळून ढगासारखे पसरतात. जो दाणा लवकर पसरतो तो कमी उष्णतेस शिजतो. चूल न पेटवितां शिजण्याची परीक्षा होते ती अशी. गृहिणीला जो गुण पानांत दिसतो, तोच गुण कच्च्या धान्यावर विकर किती लवकर काम करील हें ठरविण्यास पुष्कळ अंशीं कारण होतो.

आतां हिशेबाकडे वळूं. १०० किलो शुद्ध पिष्टापासून सुमारें १११ किलो द्राक्षशर्करा आणि तिजपासून सुमारें ५७ किलो, म्हणजे ७२ लिटर, मद्यार्क मिळावा, असें रसायनशास्त्र सांगतें. तांदुळांतील पाणी, प्रथिनें इत्यादि वजा केलीं आणि प्रत्यक्ष व्यवहारांतील तूट धरली, म्हणजे १०० किलो तांदुळामागें सुमारें ४५ लिटर हातीं येतो. धान्य शिजविण्यासाठीं लागणारी उष्णता ही निर्माण होणाऱ्या मद्यार्कांतील ऊर्जेच्या सुमारें १० ते २० टक्के भरते, असा अंदाज करण्यांत आला आहे. जळणाच्या भाषेंत बोलावयाचें, तर एका क्विंटल तांदुळामागें सुमारें ६ ते १२ किलो सुक्या लाकडाइतकी उष्णता झाली. कर्जतच्या डोंगरावरून डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी बाई ज्यानें पाहिली आहे, त्याला हा आंकडा क्षुल्लक वाटणार नाहीं. अर्थात् नव्या कारखान्यांत एका ठिकाणची उष्णता दुसऱ्या ठिकाणीं वापरून घेतात, म्हणून प्रत्यक्ष बचत याहून कमी होते. शिवाय ऊर्ध्वपातनाची उष्णता दोन्ही पद्धतींत द्यावीच लागते, आणि तिचा खर्च मोठा असतो. तरीहि बचत ती बचतच. विस्तवावांचून शक्ति मिळविण्याची गोष्ट या भागाला अपरिचित नाहीं; घाटावरून पडणाऱ्या पाण्यावर खोपोलीस १९१५ सालीं आणि भिवपुरीस १९२२ सालीं टाटांचीं वीजकेंद्रें सुरूं झालीं, हें सर्वांना ठाऊक आहे.

पण हिशेबाची दुसरी बाजू अद्याप राहिली आहे, आणि माझ्या मतें तीच अधिक महत्त्वाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें पात्र कुटुंबांतील प्रत्येक माणसास दरमहा ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क दिला आहे. या मापानें १०० किलो तांदूळ म्हणजे पांच माणसांच्या कुटुंबाचें चार महिन्यांचें धान्य. त्याच १०० किलो तांदुळाचा मद्यार्क केला, तर एका मोटारीची टाकी एकदां भरते. धान्य शिजवून आंबविलें काय किंवा कच्चें आंबविलें काय, या तुलनेंत फारसा फरक पडत नाहीं. कच्च्या धान्याची पद्धति इंधन वांचविते. ती धान्य वांचवीत नाहीं. या दोन गोष्टींची गल्लत होऊं देतां कामा नये.

आपल्या राज्यांत या प्रश्नाची चर्चा पूर्वींच होऊन गेली आहे. २००७ सालीं महाराष्ट्र सरकारनें ज्वारी, बाजरी, मका इत्यादि धान्यांपासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचें धोरण स्वीकारलें, तेव्हां समाजसेवकांनीं आणि विचारवंतांनीं त्यावर कडक टीका केली. पुढें केंद्र सरकारच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणानें खराब झालेल्या धान्यास, आणि कांहीं अटींवर शिलकी धान्यासहि, मद्यार्काची वाट मोकळी केली. २०२३ च्या जुलैंत, धान्याची चणचण भासूं लागतांच, अन्न महामंडळाकडून मद्यार्काच्या कारखान्यांस होणारा तांदुळाचा पुरवठा थांबविण्यांत आला. २०२४ सालीं कोठारें भरल्यावर तो पुनः सुरूं झाला. २०२५ सालीं पेट्रोलांत २० टक्के मद्यार्क मिसळण्याचें उद्दिष्ट देशानें गांठलें. या चढउतारांवरून एवढें तरी उघड होतें कीं, कारखान्याच्या टांकींत जाणारें धान्य आणि ताटांत जाणारें धान्य हीं एकाच कोठारांतून निघतात.

मग या पद्धतीचें योग्य स्थान कोणतें? पावसानें भिजून खाण्यास निरुपयोगी झालेलें भात, किडलेलें आणि काळें पडलेलें धान्य, गोदामाच्या तळाशीं राहिलेला माल, यांचा मद्यार्क होत असेल तर त्यांत कुणाच्या तोंडचा घास जात नाहीं. अशा मालावर जंतु अधिक असतात, म्हणून तेथें कच्च्या पद्धतीची कसोटी अधिक कडक लागेल. परंतु संशोधनाला तेंच खरें क्षेत्र आहे. भातगिरणींतून निघणाऱ्या कण्यांविषयीं मात्र घाईनें बोलूं नये. शहरांतल्या घरांत कण्या म्हणजे टाकाऊ माल. डोंगरपायथ्याच्या घरांत तीच आजाऱ्याची व लेंकराची पेज असते. खालापूर-कर्जतमधील अनेक कातकरी कुटुंबें पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर कामाला बाहेरगांवीं जातात. तीं कांहीं हौसेनें घर सोडीत नाहींत, घरांतलें धान्य संपतें म्हणून सोडतात. कण्यांचा भाव वाढला, तर त्याची झळ प्रथम त्यांनाच लागावयाची.

तेव्हां, श्रोतेहो, धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या एखाद्या नव्या कारखान्याची वार्ता आपल्या कानीं आली, तर तेथें विस्तव किती लागतो हें अवश्य विचारावें. पण त्याच्या आधीं, धान्य कोणतें, तें कोठून येणार, आणि तें येथें आलें नसतें तर कुणाच्या घरीं गेलें असतें, हे तीन प्रश्न विचारावे. पहिल्या प्रश्नाचें उत्तर विकरांनीं पुष्कळसें दिलें आहे. उरलेल्या तिहींचें उत्तर प्रयोगशाळेंत मिळावयाचें नाहीं. तें आपणां सर्वांनाच द्यावें लागणार आहे.